इस्त्रीसाहेबांचा धडा

इस्त्रीसाहेब पँट घालायचे ती स्टुलावर चढून. जमिनीवर उभं राहून घातली तर पायचा खाली टेकतो, टेकला की घडी मोडते, असं त्यांचं शास्त्र. त्यामुळे रोज सकाळी एक हात भिंतीला आणि एक हात बायकोच्या खांद्यावर ठेवून ही स्वारी स्टुलावर उभी राहायची आणि विहिरीत बादली सोडावी तसा एकेक पाय पँटीत सोडायची. एकदा पँट चढली की कॉलेजातला तास संपेपर्यंत बसणं नाही. चहा उभ्यानं, वर्तमानपत्र उभ्यानं. बुटाच्या नाड्या बायकोनं बांधायच्या, कारण स्वतः वाकलं की गुडघ्याशी चुणी पडते. मग गुडघे न वाकवता, दोन पायांऐवजी दोन फूटपट्ट्या लावल्यासारखे चालत ते समोरच्या इमारतीत जायचे आणि पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना सांगायचे, "जो स्वतःचं काम स्वतः करत नाही, त्याला दुसऱ्याला हुकूम देण्याचा अधिकार नाही. लिहून घ्या."

मुलं बिचारी लिहून घ्यायची.

सैनिकी कॉलेज होतं ते. सकाळी कवायत, दुपारी वर्ग, संध्याकाळी पुन्हा कवायत. इथून निघालेली मुलं पुढे सैन्यात अधिकारी व्हायची, म्हणून त्यांना 'व्यावसायिक आचरण आणि नेतृत्व' असा एक विषय सक्तीचा होता, आणि तो विषय इस्त्रीसाहेबांकडे होता. हे नाव अर्थातच मुलांनी ठेवलेलं. त्यांच्याही कानावर ते गेलं होतं आणि त्यांना तो चक्क गौरव वाटला होता. "पोरांचं लक्ष असतं हं माझ्याकडे," असं ते घरी येऊन म्हणाले होते.

लक्ष होतंच. नसेल कसं?

आता साहेबांची स्वतःची कारकीर्द. सैन्यातली सगळी नोकरी त्यांनी एका कोठारात काढली. कोठार कांबळी, चादरी आणि मच्छरदाण्यांचं. त्यांच्या हाताखाली माणूस असा कधी टिकलाच नाही. जो यायचा तो महिन्याभरात पोटदुखीचं नाहीतर घरच्या आजारपणाचं कारण काढून बदली मागायचा. पण कांबळी मात्र शहाणी. सांगितलं तशी घडी होऊन बसायची, उलट उत्तर द्यायची नाहीत, सुट्टी मागायची नाहीत. कॉलेजात आल्यावर साहेब छाती काढून सांगायचे, "माझ्या हाताखाली हजारो होते. एकही मी वाया जाऊ दिला नाही." समोरची कोवळी पोरं भारावून जायची. हजारो काय होते, हे साहेबांनी कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. माहीत होतं ते फक्त त्यांच्या बायकोला. ती स्वयंपाकघरात हसायची, आणि हसू फारच अनावर झालं तर नळ सोडायची.

या बायकोला सगळं कॉलेज मावशी म्हणायचं. त्याला कारण तिची भाची. बहिणीची मुलगी याच कॉलेजात शिकत होती, वसतिगृहात राहायची आणि रविवारी मावशीकडे जेवायला यायची. येताना दोन-चार मैत्रिणी घेऊन यायची, त्याही मावशी म्हणू लागल्या, मग मित्र म्हणू लागले, होता होता मेसचा आचारी आणि फाटकावरचा पहारेकरीसुद्धा मावशी म्हणायला लागला. भाचीला कॉलेजात 'शिट्टी' म्हणायचे. आवाज असा की मैदानाच्या एका टोकाला तिनं "सावधान" म्हटलं की दुसऱ्या टोकाला कपडे वाळत घालणारी बाई ताठ व्हायची.

शिट्टी लहानपणी सुट्टीत मावशीकडेच असायची. मावशीला मूल नव्हतं, त्यामुळे जे काही लाड करायचे, रागवायचं, तेलपाणी करायचं, ते सगळं या पोरीच्या वाट्याला आलेलं. एकदा तिच्या हातून काचेची बरणी फुटली. मावशी मागच्या अंगणात होती, तिला पत्ताही नव्हता. पोरगी आपणहून बाहेर आली आणि म्हणाली, "माझ्या हातून बरणी फुटली. तू अनवाणी आत येऊ नकोस. झाडू कुठंय?" एवढंच. रडणं नाही, भाषण नाही. ही मुलगी कुठंही जाईना का, हिची काळजी करायला नको, असं मावशीला त्या दिवशी वाटलं होतं.

तिनं काळजी करायला हवी होती, पण ते पुढे कळलं.

झालं असं की साहेबांच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. तुकडीत काहीही चुकलं, तर चौकशी सुरू व्हायच्या आत तुकडीप्रमुखानं एक पाऊल पुढे टाकायचं आणि म्हणायचं, "चूक माझी, सर." बस्स. कारण नाही, खुलासा नाही, कुणाचं नाव नाही. कल्पना ऐकायला फार उदात्त. कमांडंटसाहेब, म्हणजे कॉलेजचे सर्वेसर्वा, तर खूशच झाले. खूश होण्याचं कारण मात्र उदात्त नव्हतं. पूर्वी एखादी खिडकी फुटली तरी जाबजबाब व्हायचे, कागद हलायचे, वर पत्रं जायची. आता एक पाऊल पुढे, एक वाक्य, एक शिक्षा, प्रकरण बंद! जिन्यावर मोठ्या अक्षरांत 'चूक माझी' असा फलक लागला, खाली लहान अक्षरांत साहेबांचं नाव लागलं. त्या फलकाचा त्यांनी घरी येऊन इतक्यांदा उल्लेख केला की मावशीला वाटलं, आता तो जेवणाच्या टेबलावरही लावतात की काय.

लावला असता तर बरं झालं असतं. कारण घरात हे वाक्य साहेबांच्या तोंडून कधी ऐकू आलं नव्हतं. दूध उतू जाताना ते शेजारी उभे असले तरी म्हणायचे, "अगं, गॅस एवढा मोठा का ठेवलास?" चष्म्यावर स्वतः बसले (तास संपल्यावर, अर्थात) तर म्हणायचे, "खुर्चीवर चष्मा ठेवायला कुणी सांगितलं?" ठेवलेला त्यांनीच असायचा. छत्री विसरली तर पाऊस चुकीच्या वेळी आलेला असायचा. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण या माणसाच्या हातून जगात काही घडलंच नव्हतं. सगळं आपलं आपोआप व्हायचं नाहीतर बायकोमुळे व्हायचं.

शिट्टीचा मात्र त्या वाक्यावर विश्वास बसला. तिच्या स्वभावातच ते होतं, साहेबांनी फक्त त्याला गणवेश चढवला. वर्षाअखेरीला उत्तम तुकडीप्रमुखाला लाल पट्टा मिळायचा, खांद्यावरून तिरका घ्यायचा, आणि यंदा तो शिट्टीलाच मिळणार हे आचाऱ्यापासून कमांडंटपर्यंत सगळे धरून चालले होते.

आणि मग ती खाण आली.

शेवटच्या सत्रात तुकड्यांना नकाशा देऊन दिवसभर डोंगरात चालायला पाठवायचे. शिट्टीच्या तुकडीबरोबर निरीक्षक म्हणून साहेब गेले. गेले म्हणजे जीपमधून गेले, आणि जीपमध्ये मागे उभे राहून गेले, घडीसाठी. वाटेत एका ठिकाणी फाटा फुटत होता. उजवीकडची वाट लांबची पण सरळ, डावीकडची दगडाच्या बंद पडलेल्या खाणीत उतरणारी. पुढे काय झालं ते मावशीला कुणी चुगली करून सांगितलं नाही. साहेबांनीच त्या संध्याकाळी जेवता जेवता सांगितलं, हातवारे करून.

"काय प्रकाश होता म्हणून सांगू! खाणीच्या पांढऱ्या कड्यावरून तुकडी रांगेनं उतरत्येय, असा फोटो आला असता ना, तर वर्गात भिंतभर लावला असता. 'नेतृत्व' असं खाली लिहून."

"मग?" मावशीनं भात वाढता वाढता विचारलं.

"मग काय, मी म्हटलं डावीकडून चला. ही तुझी भाची म्हणते, 'सर, तिकडे सुटे दगड आहेत, नकाशात उजवी वाट दिलीय.' मी म्हटलं, हुकूम झाल्यावर शंका काढायची नसते."

"आणि ती गेली?"

"जाणारच. शिस्त म्हणून काही आहे की नाही? मी वर थांबलो, फोटो काढायला. आणि ही पोरं बघावं तर सगळी माना खाली घालून, पायाकडे बघत उतरतायत! मेंढरं जशी. मी वरून ओरडलो, समोर बघा! मान वर! पायाकडे बघू नका!"

मावशीच्या हातातला चमचा तिथंच राहिला. "सुट्या दगडांवरून उतरताना?"

"फोटोत चेहरे नकोत का दिसायला? तर तो लंबू, पहिल्या वर्षाचा, घसरला. नडगीचं हाड मोडलं. होईल बरा. वय लहान आहे, हाड जुळतं पटकन." साहेबांनी कोशिंबिरीचं भांडं ओढून घेतलं. "फोटो पण वाया गेला. सगळे समोर बघतायत, छान छात्या काढून, आणि तुझी भाची एकटी मान वळवून मागच्याच्या पायाकडे बघत्येय. ऐनवेळी नेमकं."

मावशीनं भाताचं भांडं झाकलं. साहेबांना वाटलं, ऐकते आहे.

"पण खरं सांगू, संध्याकाळी ऊर भरून आला माझा. कमांडंटसाहेबांनी मैदानावर विचारलं, काय झालं? आणि पोरगी काय खटकन पुढे आली! एक पाऊल. 'चूक माझी, सर.' आवाज घुमला नुसता. मी म्हटलं, याला म्हणतात शिकवण्याचं चीज होणं."

"अहो," मावशी म्हणाली, "आणि तुम्ही काय केलंत?"

"मी? मी तिथंच उभा होतो."

"ते कळलं हो. तुम्ही बोललात काय?"

"मी कशाला बोलू? तुकडीप्रमुख ती आहे." आणि भाताकडे बघत म्हणाले, "मीठ कमी पडलंय गं तुझ्याकडून."

गोष्ट इथंच थांबली असती तर पट्टा गेला म्हणून शिट्टीनं आठवडाभर तोंड पाडलं असतं आणि विसरली असती. पण लंबूचे वडील मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांचा फोन आला, आवाज चढला, आणि कमांडंटसाहेबांना आता फक्त बंद प्रकरण पुरेना, त्यांना बळी हवा झाला. येत्या शनिवारी पालकांसमोर पट्टा देण्याचा समारंभ होता. तिथंच जाहीर करायचं ठरलं की बेपर्वाईबद्दल या मुलीचं नाव कॉलेजातून कमी केलं आहे. म्हणजे ज्यासाठी पोरीनं वर्षानुवर्षं अंधारात उठून धावण्याचा सराव केला, ते सगळं एका वाक्यात संपणार. आणि त्याआधी इस्त्रीसाहेबांनी जबाबदारी या विषयावर चार शब्द बोलायचे. कमांडंटसाहेबांना असे कार्यक्रम फार आवडायचे.

ही बातमी साहेबांनी घरी आणली ती भाषणाच्या आनंदात.

"तुम्ही जाऊन सांगा त्यांना," मावशी म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. डावीकडे मी पाठवलं, मान वर करायला मी सांगितलं. दोन वाक्यं आहेत."

"तुला यातलं कळत नाही."

"मग समजावा. बी.ए. झालेय मी, हळू बोललात तर समजेल."

साहेब येरझाऱ्या घालू लागले. "हे बघ. ती पुढे आली, तिनं जबाबदारी घेतली. आता मी मध्ये पडून म्हणालो की चूक तिची नाही, तर तिच्या त्यागाला अर्थ काय राहिला? मुलांपुढचा आदर्शच पुसला जाईल. मी तिच्या भल्यासाठी गप्प आहे."

"तिचं नाव कापतायत, आणि तुम्ही तिच्या भल्यासाठी गप्प आहात."

"भावनेनं बघू नकोस."

"नाही बघत. नुसती तुमच्याकडे बघतेय."

नेमकं तेच त्यांना झेपेना. ते बुटांना पॉलिश झालंय का बघायला गॅलरीत गेले. पॉलिश मावशीनंच केलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती वसतिगृहावर गेली. भेटीच्या खोलीत दोन बाकं, एक टेबल आणि भिंतीवर कुठल्याशा जुन्या संचलनाचा फोटो. शिट्टी आली ती पूर्ण गणवेशात, केस घट्ट बांधलेले, डोळ्यांखाली काळं. नेहमी मावशीच्या पिशवीत आधी हात घालणारी पोरगी आज समोर हात मागे बांधून उभी.

"बस की गं. मी काय कमांडंट आहे?"

ती बसली. मावशीनं डबा उघडून पुढे ठेवला. पोरीनं हात लावला नाही.

"चूक तुझी होती का?" मावशीनं सरळच विचारलं.

"तुकडीप्रमुखानं..."

"तो फलक मी रोज बघते जिन्यावर. तुला विचारतेय."

शिट्टी टेबलावरच्या चिरेत नख फिरवत राहिली. "थोडी होती," ती म्हणाली. "मला दिसत होतं तिकडे जायचं नाही. मी एकदाच बोलले. दुसऱ्यांदा बोलायला हवं होतं. नाही म्हणायला हवं होतं. ते मी नाही केलं, मावशी. लंबू खाली पडला तेव्हा मला पहिलं तेच वाटलं. ती माझीच."

"बरं. ती तुझी. आणि बाकीची?"

"बाकीची काका सांगतील."

मावशीनं डब्याचं झाकण उगाच फिरवलं.

"शनिवारी त्यांचंच भाषण आहे ना? तिथं सांगतील. सगळ्यांपुढे सांगायचं असेल त्यांना, म्हणून थांबलेत." पोरगी आता पहिल्यांदाच वर बघून बोलत होती. "त्यांनीच शिकवलंय आम्हाला. पहिल्या तासाला. वरचा माणूस आधी पुढे येतो, मग खालचा. मी जरा घाई केली, एवढंच."

त्या चेहऱ्याकडे बघून मावशीनं पिशवी आवरायला घेतली. नाव जाणार, ते वाईटच. पण हा विश्वास जाणार, आणि तो असल्या माणसापायी जाणार, हे तिला जास्त लागलं. एखाद्या चांगल्या माणसानं विश्वास मोडला तर निदान रडता येतं. हा तर स्टुलावरचा माणूस!

"एक सांगू?" ती उठता उठता म्हणाली. "बरणी फुटली तेव्हा तू आलीस ना मला सांगायला, तेव्हा बरणी तूच फोडली होतीस. म्हणून ते चांगलं होतं. दुसऱ्याच्या हातून फुटलेली बरणी आपल्या नावावर घेतली, तर तो पुन्हा बरण्या हाताळायला मोकळा. उद्या त्याच्या हाताखाली नवी पोरं येणार आहेत."

शिट्टीनं डबा ओढून घेतला.

शनिवारी सकाळी साहेब स्टुलावर चढले आणि हात पुढे केला. खांदा नव्हता. मावशी दारात तयार होऊन उभी होती.

"अगं, धर ना."

"भिंत आहे की."

कशीबशी पँट चढली. एका पायाला गुडघ्याशी चुणी पडली. साहेब ती चुणी तळहातानं चोळत चोळत मैदानापर्यंत गेले आणि चोळल्यानं ती जास्तच उठून दिसायला लागली.

मैदानावर मंडप, मंडपात पालक, पहिल्या रांगेत लंबूचे वडील आणि शेजारी पाय प्लास्टरात घातलेला लंबू. तुकड्या ओळीनं उभ्या. शिट्टी तिच्या तुकडीच्या पुढे. मावशी तिसऱ्या रांगेच्या कडेला बसली, तिथून दोघांचेही चेहरे दिसत होते.

कमांडंटसाहेबांनी माईक हातात घेतला, नेतृत्व म्हणजे काय हे थोडक्यात सांगतो असं म्हणून ते बराच वेळ सांगितलं, आणि मग म्हणाले, "परवाच्या दुर्दैवी घटनेची जबाबदारी कोणाची, हे मी सर्वांसमक्ष पुन्हा विचारतो."

शिट्टीनं एक पाऊल पुढे टाकलं. पण वाक्य म्हटलं नाही. मान किंचित वळवून तिनं साहेबांकडे बघितलं. नुसतं बघितलं, दार उघडून धरावं आणि म्हणावं, तुम्ही आधी, तसं.

साहेबांना ते कळलं. मावशीला त्यांच्या मानेवरून दिसलं की कळलं. गळ्यापाशी एक शीर उडते त्यांची, दूध उतू गेलं की उडते तशी. ते पुढे झाले. माईक घेतला. मावशीला त्या क्षणी, इतक्या वर्षांनंतर, वेड्यासारखी आशा वाटली.

"चूक माझी," इस्त्रीसाहेब म्हणाले.

मावशीनं डोळे मिटले.

"चूक माझी," ते पुढे म्हणाले, "कारण या मुलीवर मी फार लवकर विश्वास टाकला. गुरू म्हणून माझं मन हळवं. तिची उमेद पाहून मी तिला तुकडी दिली, आणि तिच्या अननुभवाकडे दुर्लक्ष केलं. हा दोष मी जाहीरपणे स्वीकारतो."

टाळ्या पडल्या! मंडपातल्या लोकांना काय माहीत? एवढा मोठा माणूस एवढ्या मोकळ्या मनानं दोष स्वीकारतोय म्हटल्यावर कुणीतरी रुमालही काढला. मावशीनं डोळे उघडले तेव्हा साहेब मान थोडी लववून टाळ्या घेत होते आणि दुसऱ्या हातानं चुणी झाकत होते. संसारात तिनं पुष्कळ बघितलं होतं. पण माणूस कबुलीतसुद्धा चोरी करू शकतो, हे तिनं पहिल्यांदा बघितलं.

मग टाळ्या थांबल्या, कारण मैदानावर काहीतरी झालं होतं. शिट्टीनं पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं होतं. कवायतीत शिकवतात तसंच, टाच आपटून, खटकन. एक पाऊल मागे. आजवर कुणी मागे गेलं नव्हतं, त्यासाठी काही शब्दच ठरलेला नव्हता.

"हे काय?" कमांडंटसाहेब म्हणाले.

"माझी चूक मी सांगते, सर." आवाज मंडपाच्या शेवटच्या खांबापर्यंत गेला. "खाणीची वाट धोक्याची आहे हे मला दिसत होतं. मी एकदा सांगितलं आणि मग ऐकलं. दुसऱ्यांदा नाही म्हणायला हवं होतं. लंबूची मी माफी मागितली आहे. एवढी माझी. बाकीची माझी नाही. मी ती परवा घेतली, ते खोटं होतं. ते मी आता परत करते."

"बाकीची म्हणजे कोणाची?"

"ते सरांना विचारा, सर. मी त्यांचं नाव घेणार नाही. त्यांनीच सांगावं."

आता सगळं मैदान साहेबांकडे बघत होतं. साहेब हसले. "मुलगी घाबरली आहे," ते म्हणाले. "साहजिक आहे."

"समोर बघा, पायाकडे बघू नका, असं वरून कोण ओरडलं मग?" हा आवाज पहिल्या रांगेतला होता. लंबूचा. त्याचं त्यालाच नवल वाटल्यासारखा चेहरा झाला होता. वडिलांनी त्याच्याकडे बघितलं, मग साहेबांकडे.

आणि मग मंडपातल्या त्या सगळ्या माणसांना जे बघायला मिळालं, ते मावशी घरात रोज फुकट बघत आलेली होती. साहेब आधी म्हणाले की उन्हामुळे आवाज नीट गेला नसेल. मग म्हणाले, बुटांचे तळवे निकृष्ट आहेत. मग म्हणाले, फोटो कॉलेजच्या प्रसिद्धीसाठीच हवा होता, तशी कार्यालयाची इच्छा होती. शेवटी म्हणाले, नकाशाच जुना आहे, आणि नकाशे तर कमांडंटसाहेबांच्या सहीनं येतात.

"पुरे," कमांडंटसाहेब घाईनं म्हणाले. खापर आपल्या अंगणात येऊन पडायच्या आत त्यांनी बँडला खूण केली. इतकं झटपट नेतृत्व त्यांनी त्याआधी कधी दाखवलं नसेल.

शिट्टीचं नाव राहिलं. पट्टा तिला मिळाला नाही. तो त्या वर्षी कुणालाच दिला नाही. जिन्यावरचा फलक रंगकामाच्या निमित्तानं उतरला आणि रंग वाळल्यावरही परत चढला नाही. लंबूच्या वडिलांचे आणखी दोन-चार फोन आले असावेत, कारण महिन्याभरात इस्त्रीसाहेबांकडून विषय काढून घेतला गेला आणि त्यांना वसतिगृहाचं कोठार दिलं. चादरी, कांबळी, मच्छरदाण्या.

"बढतीच म्हणायची," साहेब शेजाऱ्यांना सांगत होते, ते मावशीनं ऐकलं. "पुन्हा हजारो आले माझ्या हाताखाली."

या वेळी तिनं नळ सोडला नाही. मोकळेपणानं हसली. शेजाऱ्यांनी वळून बघितलं.

पुढच्या रविवारी शिट्टी जेवायला आली. साहेब समोर आले तसे तिनं "नमस्कार काका" म्हटलं, खुर्ची सरकवून दिली, ताटं घेतली. आदरात कुठं कमी नव्हती. फक्त त्यांच्याकडे ती आता फर्निचरकडे बघावं तसं बघत होती: आहे, अडखळायला नको. साहेबांना त्यातलं काही जाणवलं नाही. "पोरगी सुधारली," असं ते मागाहून म्हणाले.

सोमवारी सकाळी मावशीनं इस्त्रीचं टेबल मांडलं, पँट त्यावर पसरली, बटण चालू केलं आणि हाक मारली, "अहो, इस्त्री तापतेय. स्वतःचं काम स्वतः करा."

मग ती चहाचा कप घेऊन गॅलरीत जाऊन बसली. समोरच्या मैदानावर नवी तुकडी पाय आपटत होती. पलीकडून शिट्टीचा आवाज येत होता, "खाली बघ आधी, खड्डा आहे! मग चाल!" थोड्या वेळानं आतून जळकट वास आला, आणि पाठोपाठ, अगदी ठरल्यासारखी, साहेबांची हाक आली.

"अगं, इस्त्री एवढी का तापवलीस?"

मावशीनं चहाचा घोट घेतला. गरम होता, छान झाला होता. ती उठली नाही.